वडप्याचा गरम धबधबा

भिवंडीला सहलीला कोणी येत नाही, हे मी भिवंडीची असूनही मान्य करते. लोक येतात ते कापडासाठी, नाहीतर रस्ता चुकून. वस्तूंचं मात्र तसं नाही. तुम्ही घरबसल्या मागवलेला मिक्सर, बूट, पोराचं खेळणं, जे काही असेल ते तुमच्या आधी आमचा पाहुणचार घेतं. दापोड्याच्या किंवा वडप्याच्या एखाद्या गोदामात झोप काढतं आणि मग तुमच्या दारात उभं राहतं. तेव्हा श्रावणातल्या एका रविवारी मी वडप्यामागच्या डोंगरात धबधबा बघायला गेले होते असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो.

पण मी गेले होते. आणि जे पाहिलं ते तुम्ही महाबळेश्वरला जन्मभर फिरलात तरी दिसणार नाही.

सुरुवात झाली एका लग्नावरून. माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा लग्न करून पाटणच्या बाजूला गेली. तिची मुलगी मृणाल नोकरीला ठाण्यात. इकडे माझा जुना विद्यार्थी प्रथमेश, इतिहासात कच्चा पण स्वभावाने पक्का, वडप्यात बापाची गोदामं सांभाळतो. मी सुनंदाला हे स्थळ सुचवलं. आयुष्यात सुचवलेलं माझं पहिलंच स्थळ. पोरांनी एकमेकांना बघितलं आणि आमच्यापैकी कोणाचीच गरज उरली नाही.

अडले ते सुनंदाचे यजमान. दिनकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी दिसलं की ते त्याचा वेग सांगतात. चहाची किटली कलली तरी सांगतील. ते मे महिन्यात हमरस्त्याने वडप्याला येऊन गेले, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत निळे पत्रे बघितले आणि परत जाऊन म्हणाले, "माणसं चांगली आहेत. पण पोरगी नदीकाठी वाढलेली. तिला पत्र्यांच्या गावात द्यायची? डोळ्यांना जरा तरी पाणी दिसायला हवं."

हे मी प्रथमेशच्या वडिलांच्या, म्हणजे जनूशेठच्या कानावर घातलं. जनूशेठ खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"पानी? बाई, आमच्या पाटीमागं डोंगर हाय. धबधबा हाय! आना त्यांना श्रावनात. येकदा बगूंद्या, मंग बोलूंद्या."

मी तो धबधबा पाहिला नव्हता. तरी फोनवर सुनंदाला सांगताना मी त्याला तीन टप्पे जोडले. चौथाही जोडणार होते, पण तिने फोन ठेवला. तर असं ते लग्न एका धबधब्यावर येऊन थांबलं होतं, आणि तो मी निम्मा तोंडाने बांधलेला होता.

वडपे

सकाळी आम्ही जनूशेठच्या घरी जमलो. पोरांना बरोबर यायला सांगितलं होतं, पण त्यांना ठाण्यात "काम" निघालं. कसलं ते विचारण्याइतकी मी निष्ठुर नाही.

दिनकरराव मोहिमेच्या तयारीने आलेले: जाड बूट, काठी, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. जनूशेठ उद्घाटनाला निघाल्यासारखे: पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट आणि गळ्यात जाड साखळी. त्यांच्या पत्नी कमळावहिनींनी नऊवारीचा काष्टा घट्ट कसला होता, पायांत काही नव्हतं आणि डोक्यावर जेवणाचा डबा. आमच्यापैकी खरी तयारी कोणाची आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

निघण्याआधी घावने झाले, नारळाच्या रसात बुडवलेले. दिनकररावांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमच्याकडं असे नाहीत." जनूशेठचा चेहरा उजळला. "आमच्याकडं जास्त जाळीदार असतात." चेहरा मावळला.

"श्रावन हाय म्हनून," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "न्हायतं कोलंबी टाकून यांची बोलतीच बंद केली असती."

डोंगराकडे जायची जुनी पायवाट आता गोदामांच्या एका आवारातून जाते. फाटकावर पहारेकरी होता. नवीन, बिहारचा, आणि कर्तव्याला जागणारा.

"कहाँ जाना है?"

"धबधबा," जनूशेठ रुबाबात म्हणाले.

"कौन सी कंपनी है?"

"कंपनी नहीं रे. धबधबा. पानी गिरता है ऊपर से."

"गाला नंबर बोलो."

"अरे, ये जमीन मेरी है!"

"सब यही बोलते हैं," पहारेकरी शांतपणे म्हणाला.

दिनकरराव काठीवर टेकून हा संवाद ऐकत होते. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. शेवटी वहिनी डबा सावरत पुढे झाल्या. "बेटा, डोंगर पे जाता है, खाना खाता है, वापस आता है. तेरे को भी भाकरी देती." फाटक उघडलं. जमीन कोणाची का असेना, किल्ली भाकरीवाल्याची.

ओढ्यात

गोदामांची शेवटची भिंत संपली आणि कोणी पडदा ओढावा तसं सगळं बदललं. खरंच सांगते. एका बाजूला ट्रक मागे घेताना वाजणारी ती किरकिर, आणि दहा पावलं पुढे नुसता हिरवा काळोख. करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटं, दगडांवर मखमली शेवाळ आणि मधून ओढा. ऊन-पावसाची पाठशिवणी चाललेली. पाच मिनिटं चटका बसेल असं ऊन, मग एक सर, पुन्हा ऊन. मी इतकी वर्षं या गावाच्या शेजारी राहते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी ताबडतोब चेहऱ्यावर "बघितलंत?" असा भाव आणला.

"बघितलंत?" मी दिनकररावांना म्हटलंही.

"आमच्याकडं याला पाट म्हणतात," ते म्हणाले, आणि पुढच्याच दगडावरून घसरत, बसल्या बसल्या पाण्यात गेले. पाणी पोटरीएवढं. काठी वाहत निघाली ती वहिनींनी पायाने अडवली.

"वेग बरा आहे," दिनकरराव पाण्यात बसूनच म्हणाले.

आम्ही ओढ्यातूनच वर चढत होतो, कारण वाट जनूशेठना आठवत होती पण वाटेला जनूशेठ आठवत नव्हते. ते एका वळणावर "आता आलाच" म्हणायचे, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पांढरे बूट केव्हाच चॉकलेटी झाले होते. धाप लागली की ते थांबून निसर्ग दाखवायचे.

"शेठ, कधी आला होतात शेवटचे?" सुनंदाने सहज विचारलं.

"मी? नेमी येतंय."

"पोरगा रांगत व्हता तवा," वहिनी पुढून म्हणाल्या.

एवढ्यात माझ्या ओढणीला कोणीतरी ओढलं. मी वळले तर काळा कुळकुळीत खेकडा, एका नांगीने ओढणी धरून लोंबकळत. मी जी किंकाळी फोडली तिला नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून टाळी पडली असती. वहिनींनी तो अलगद सोडवला, पालथा केला, वजन बघितलं आणि त्याच्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मलाच गलबलून आलं.

"काय भरलेला हाय," त्या म्हणाल्या. "जा बाबा. नशीब तुजं, श्रावन हाय."

धबधबा

मोठी सर आली. झाडाखाली उभं राहूनही आम्ही निथळलो. आणि त्या पावसाच्या आवाजामागे दुसरा एक आवाज होता. आधी घुमल्यासारखा, मग गडगडल्यासारखा. जनूशेठनी एक हात वर केला.

"आयकलंत?"

आम्ही बांबू बाजूला सारत धावलो. धावलो म्हणजे, आमच्या वयाला जमतं तसं. आणि समोर तो होता.

काळा, उभा, शेवाळलेला कडा. त्यावर वेलींचे पडदे, नेच्याची झुंबरं. आणि वरून, झाडांच्या शेंड्यांमागून, पाण्याचा एक जाडजूड पांढरा लोट सरळ खाली कोसळत होता. तुषार आमच्या तोंडावर येत होते. माझे तीन टप्पे नव्हते, पण एकच टप्पा तिन्हींना भारी होता.

सगळ्यात जास्त चकित झाले होते ते जनूशेठ.

"माज्या ल्हानपनी येवढा न्हवता," ते पुटपुटले. मग भानावर येऊन मोठ्याने म्हणाले, "वाढला!"

दिनकररावांनी टोपी काढली. मग शर्ट काढला. मग बनियनवर, हात जोडून, ते त्या धारेखाली जाऊन उभे राहिले. क्षणभर दिसलेच नाहीत. मग आतून आवाज आला, "सुनंदा! पाणी गरम आहे!"

"काय?"

"कोमट! हात लावून बघ!"

आम्ही सगळ्यांनी हात लावला. खरंच कोमट होतं. आता भिवंडीच्या माणसाला हे सांगितलं की त्याच्या मनात एकच गोष्ट येते: वज्रेश्वरी. गरम पाण्याची कुंडं इथून काही लांब नाहीत. वहिनींचे हात आपोआप कपाळाला गेले.

"देवीचं पानी," त्या म्हणाल्या. "हिकरं उगवली!"

दिनकरराव धारेतून बाहेर आले ते वेगळेच. त्यांच्यातला निवृत्त अधिकारी पुन्हा कामावर रुजू झाला होता. त्यांनी काठीने कडा दाखवत आम्हाला समजावलं की पाणी जमिनीत खोल जातं, तापतं आणि खडकाच्या भेगेतून वर येतं. गरम झरे खूप असतात, पण गरम धबधबा त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. मग त्यांनी ओंजळ भरली, प्याले, जिभेवर घोळवलं.

"गंधकाचा अंश आहे. थोडा क्षार. पोटाला उत्तम." आणि आणखी एक ओंजळ प्याले.

वहिनींनी कनवटीची हळद-कुंकवाची पुडी काढली. कड्याला हळद-कुंकू लावलं, मग पाहुण्यांच्या कपाळाला. ओटीला नारळ नव्हता म्हणून डब्यातलं केळं ठेवलं. सुनंदाने फोटो काढला: दिनकरराव बनियनवर, ओले चिंब, कपाळी मळवट, मागे धबधबा. आणि लगोलग माहेर-सासरच्या सगळ्या गटांवर पाठवला, खाली लिहिलं, "मृणालच्या सासरचा गरम पाण्याचा धबधबा." सासरचा! मी ते वाचलं आणि मनातल्या मनात स्वतःला साडी घेतली. पैठणीच.

पाऊस थांबला. ऊन पडलं.

आणि धबधबाही थांबला.

हळूहळू नाही. लोटाची धार झाली, धारेचे थेंब झाले, आणि कोणी नळ बंद करावा तसं संपलं. दिनकरराव वर बघत राहिले. धबधब्यांची ही सवय त्यांच्या अभ्यासात नव्हती. पाणी गेल्यावर कड्याच्या वरच्या कडेला वेलींतून एक गोल, रुंद पाइप आमच्याकडे बघत होता. त्याच्या बाजूला एक डोकं उगवलं. हातात जेवणाचा डबा, तो खळबळून खाली ओतायच्या बेतात.

"अरे चाचा!" डोकं ओरडलं. "वहाँ मत नहाओ! छत का पानी है! ऊपर पूरा कबूतर लोग बैठता है!"

मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत. इतका लांब विराम कुठल्याही नटाला जमलेला नाही.

दिनकररावांनी ओठ पुसले. मग जीभ बाहेर काढून तीही पुसली. कपाळावरचं कुंकू नाकावर उतरलं होतं.

"किस का गाला है ये?" जनूशेठनी खालून विचारलं. आवाजात मला वाटतं उत्तर आधीच होतं.

"जनूशेठ का!"

मालक आपल्या गोदामाला नेहमी रस्त्याकडून बघतो. मागून ते कसं दिसतं, कड्यासारख्या उभ्या त्याच्या संरक्षक भिंतीवर किती शेवाळ चढलंय, हे त्याला कोण सांगणार? उन्हात तापलेल्या त्या मैदानाएवढ्या पत्र्यावरचं पाणी आम्ही हळद-कुंकू लावून पुजलं होतं.

"चला, सुनंदा," दिनकरराव शर्ट चढवत म्हणाले. बटणं वरखाली लागत होती. "बघितलं पाणी."

ते ओढ्यात उतरू लागले. माझं पहिलं स्थळ माझ्या डोळ्यांसमोर एकेक दगड खाली चाललं होतं. मी काहीतरी बोलणार होते, पण मला, मला, काही सुचलं नाही. हे माझ्या ओळखीच्यांपैकी कोणी खरं मानत नाही.

जनूशेठ एका दगडावर बसले. पांढऱ्या पँटचा विचार न करता.

"दिनकरराव, मी खोटं न्हाय बोललो," ते म्हणाले. "धबधबा हितंच व्हता. ह्याच जागी. गाला लांब करायचा व्हता, मागं जागा कमी परत व्हती. मंग खडक फोरला. मना वाटलं, पानी काय, बाजूनं जाईल कुटंतरी."

"मी तवाच बोललेली," वहिनी म्हणाल्या. "लगीन झाल्यावर पयल्या श्रावनात मना हितंच घेऊन आलेले. साडी भिजली म्हनून सासूनं बोल लावला. तो धबधबा फोरताना यांचा हात कसा उचलला?"

दिनकरराव थांबले होते, एक पाय पाण्यात.

"वरती हाय अजून येक," वहिनी डबा उचलत म्हणाल्या. "ल्हान हाय. त्याला कुनी फोरला न्हाय, कारन त्याला कुनी धबधबा बोलतच न्हाय. जेवन तं करायचंच हाय, मंग चला."

वरचं पाणी

भिंतीला वळसा घालून आम्ही आणखी वर चढलो. खरंच लहान होतं ते पाणी. माझ्या खांद्याएवढ्या कातळावरून पाच-सहा बोटं रुंद पट्टी उतरत होती, खाली परातीएवढा डोह, काठाला तेरड्याची जांभळी फुलं. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता. पाणी वाहतच होतं.

दिनकररावांनी हात लावला. "गार आहे." पण प्याले नाहीत. काठी माझ्या हातात दिली आणि करवंदीतून, हातापायांवर, वर चढून दिसेनासे झाले. आम्ही खाली उभे. कुठूनतरी शिट्टी वाजली. मग ते परत आले, कानात पानं, कोपराला खरचटलेलं.

"वर डोंगरच आहे," त्यांनी जाहीर केलं. आणि मग प्याले.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुर्डूची भाजी आणि कैरीचं लोणचं. दिनकररावांचा जन्म ज्वारीच्या भाकरीवर गेलेला, तरी त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली. यावेळी "आमच्याकडं" आलं नाही. हात धुताना त्यांनी पाण्याकडे बघतच विचारलं, "ही जागा कोणाची?"

"माजीच."

"इथपर्यंत गाळा येणार?"

जनूशेठनी वहिनींकडे बघितलं. वहिनी डब्याचं झाकण लावत होत्या आणि ते काही केल्या लागत नव्हतं.

"येक पार्टी मागं लागलीय," ते शेवटी म्हणाले. "दिवालीनंतर काम काढायचं बोलते."

"मुलीकडच्यांनी काही मागायची आमच्याकडं पद्धत नाही," दिनकरराव म्हणाले. "मी तरी एक मागतो. एवढं पाणी तिच्यासाठी असंच राहू द्या. बाकी काही नको."

जनूशेठ उठले, फोन काढून हवेत फिरवत रेंज शोधली आणि त्या कातळाकडे पाठ करून बोलले. "हां शेठ. ती मागची जागा न्हाय द्यायची. न्हाय, भाव न्हाय वाढवत मी. न्हाय जमनार. तिकरं आमचं पानी हाय."

फोन खिशात ठेवून ते बिरड्याचा राहिलेला वाटा संपवायला बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुनंदाने डोळ्याला पदर लावला आणि पाऊस आल्याचं सांगितलं. पाऊस नव्हता.

उतरताना दिनकररावांनी सगळ्यांना एका वळणावर थांबवलं. "त्या खालच्या पाण्याचं," ते घसा साफ करत म्हणाले, "म्हणजे मी जे प्यालो त्याचं, कुठं बोलायचं नाही."

"छे छे!" जनूशेठ म्हणाले. "घरातली गोष्ट घरातच."

"घरातली बोललात?" वहिनी गर्रकन वळल्या. "मंग सुपारी कवा फोरायची?"

चौघांनी एकमेकांच्या हातावर हात मारून शपथ घेतली. मी त्या वेळी मागे होते. तोच काळा खेकडा, किंवा त्याचा भाऊ, माझ्या ओढणीला पुन्हा लोंबकळत होता आणि मी त्याच्याशी बोलणी करत होते. त्यामुळे माझी शपथ राहून गेली. शिवाय मी कोणत्याच बाजूची नातेवाईक नाही. नावं तेवढी बदलली आहेत.

लग्न थंडीत झालं. पाटणकडची वऱ्हाडी मंडळी टॉवेल घेऊन आली होती, त्या फोटोमुळे. त्यांना दिनकरराव दिवसभर समजावत होते की हा झरा हंगामी आहे. मृणालच्या आत्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी रिकामी बाटली आणली होती. वहिनी ती घेऊन आत गेल्या आणि न्हाणीघरातल्या गिझरची भरून आल्या. आत्यांनी आता दुसरी बाटली मागवली आहे.

यंदाच्या श्रावणात मृणाल त्या वरच्या पाण्यावर जाऊन आली. ओंजळीतून पाणी प्यायला निघाल्याचा फोटो तिने वडिलांना पाठवला, आणि खाली लिहिलं, "बाबा, माझा धबधबा."

दिनकररावांचं उत्तर तत्काळ आलं. सुनंदाने मला ते पाठवलं, म्हणून शब्दशः देते:

"थांब. आधी वर चढून बघ."